घरी जुळवलेली स्प्रिंग रायफल की तयार मॅच पीसीपी: नागपूरच्या नवख्या नेमबाजासाठी तुलनात्मक आढावा

रायफल घरच्या टेबलावर उघडून तिचे भाग आपल्या मनाप्रमाणे बदलण्याचा छंद आपल्याकडे बहुतेकांना आधी पडद्यावर दिसतो आणि तो अमेरिकेतला असतो. तिथली रुगर १०/२२ ही .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) अर्धस्वयंचलित, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढची गोळी आपोआप भरणारी, स्पोर्टिंग रायफल १९६४ पासून बाजारात आहे. तिची नळी दोन स्क्रूंच्या आधारे पकडलेली असल्यामुळे ती साध्या हत्यारांनी निघते, आणि या एका सोयीवर दस्ते (खांद्याला टेकवायचा भाग), नळ्या, ट्रिगर, साइट (नेम धरायचे साधन) यांचा मोठा स्वतंत्र व्यापार तिथे उभा राहिला आहे. नवखा माणूस स्वयंपाकघराच्या ओट्यावर रायफल उघडतो आणि संध्याकाळपर्यंत ती वेगळ्याच रूपात जोडतो, हे पाहून नागपुरातल्या हौशी नेमबाजाचेही हात शिवशिवतात, यात नवल नाही.

आपल्याकडे मात्र हा मार्ग सुरुवातीलाच बंद आहे आणि तो नीट समजून घेतलेला बरा. अर्धस्वयंचलित रायफली शस्त्र नियमांच्या अनुसूचीत निर्बंधित गटात मोडतात, त्यामुळे हौशी माणसाने नेहमीच्या परवान्यावर अशी रायफल घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बोल्ट अॅक्शनची, म्हणजे प्रत्येक गोळी हाताने खटका मागेपुढे करून भरायची, .२२ रायफल परवान्यावर मिळू शकते, आणि नागपूर शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. पण परवाना हातात असला तरी बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार वेगळा परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्याविषयी कलम ६ स्वतंत्रपणे बोलते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांच्या भंगाची शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होऊन जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हिंगणा एमआयडीसीत उत्तम लेथ चालवणारे कारागीर पुष्कळ आहेत, परंतु बंदुकीचा भाग घेऊन त्यांच्याकडे जाणे म्हणजे त्यांनाही त्याच कलमात ओढणे होय.

तेव्हा ज्याला स्वतःच्या हाताने रायफल आपल्या अंगाला बसवून घ्यायची आहे, त्याच्यासाठी एअर रायफल हीच खरी निवड उरते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. विक्रेता ओळखपत्र मागतो आणि नोंद ठेवतो. आता प्रश्न असा की, दहा-वीस हजारांची नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, स्प्रिंग दाबायची देशी स्प्रिंग रायफल घेऊन ती घरी हळूहळू जुळवत न्यावी, की क्लबच्या रायफलवर हात बसवून, पैसे साठवून, दोन-अडीच लाखांच्या पुढची विदेशी मॅच पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी स्पर्धेची रायफल), नवी किंवा वापरलेली, घ्यावी.

दोन्ही रायफलींत छर्रा हवेनेच सुटतो, पण ती हवा येते कुठून यात सारा फरक आहे. स्प्रिंग रायफलीत ट्रिगर ओढल्यावर दाबलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, त्या क्षणी रायफल मागे सरकते, आणि पिस्टन टोकाला अडताच ती पुढे हिसका देते. छर्रा अजून नळीत असतानाच ही सगळी उलथापालथ होते. म्हणूनच अशी रायफल घट्ट आवळून धरली की छर्रे विखुरतात, आणि तळहातावर सैल ठेवून प्रत्येक वेळी त्याच जागी टेकवली की एका ठिकाणी पडतात. पीसीपीत सुमारे २०० बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये आधीच भरलेली असते, झडप क्षणभर उघडते आणि ०.५३ ग्रॅमचा मॅच छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो, रायफल जवळजवळ जागची हलत नाही. हिशेब केला तर ही ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीही नाही. ऑलिंपिकच्या दहा मीटर स्पर्धेला यापेक्षा जास्त जोर लागतच नाही.

हा आकडा इथे मुद्दाम दिला आहे. स्प्रिंग रायफल घेणाऱ्या नवख्याला पहिला मोह होतो तो जड स्प्रिंग घालून जोर वाढवण्याचा. तोच ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटला की ऊर्जा २० ज्यूलला टेकते, आणि तिथून पुढे घरातली बिनपरवान्याची वस्तू परवान्याची होते. शिवाय जोर वाढला की हिसका वाढतो, हिसका वाढला की साइटचे माउंट (तिला रायफलीवर धरणारी पकड) सरकते आणि ग्रुप, म्हणजे निशाण्यावरचा भोकांचा पुंजका, फुटतो. नेम साधायचा असेल तर जोर वाढवण्यात फायदा काहीच नाही. स्प्रिंग बाहेर काढताना ती दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला दाबून धरणारे साधन नसताना शेवटचा पिन निघाला की सुटून तोंडावर येऊ शकते, ही गोष्ट वेगळीच. नवख्याने पिस्टनच्या खोलीत हात घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग घरी करायचे काय? जे शरीराला लागते तेवढेच. रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग, गालाखालचा भाग, हाताची पकड आणि डोळ्यासमोरची साइट या चार जागा जुळल्या की बहुतेक काम झाले. त्यातही गालाखालचा भाग सर्वांत आधी पाहावा. भिंतीकडे तोंड करून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल जिथे सहज विसावतो तिथे विसावू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. डोळा मागच्या साइटच्या छिद्रामागे आपोआप आला तर दस्ता ठीक आहे. तो खाली राहिला तर गालाखाली उंची हवी, वर गेला तर साइट उंच हवी. देशी रायफलींचे दस्ते साधारणतः एकाच मापाचे असतात, त्यामुळे पीप साइट (छोट्या छिद्रातून पाहायची साइट) बसवली की गाल अधांतरी राहतो आणि मान ताणून नेम धरावा लागतो. इतवारीत पादत्राणांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत मिळणारी घट्ट फोमची पट्टी तीन-चार मिलिमीटर जाडीची घ्यावी, एकावर एक ठेवून पाहावी, उंची पक्की होईपर्यंत ती चामड्याच्या पट्ट्याने आणि लेसने बांधून ठेवावी, गोंद लावण्याची घाई करू नये. उंची बरोबर झाल्याची खूण अशी की दहा-बारा वेळा रायफल खाली ठेवून पुन्हा उचलली तरी डोळा शोधाशोध न करता छिद्रामागे येतो.

दस्ताच नवा करून घ्यायचा असेल तर विदर्भात सागवानाचा मोह कोणालाही होईल, कारण आलापल्लीच्या जंगलाचे लाकूड आपल्या हाताशी आहे. सागवान हवेतला ओलावा कमी शोषते, म्हणून पावसाळ्यात त्याचा आकार फारसा बदलत नाही, आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ते सहसा चिरत नाही. पण त्यात सिलिकाचे कण असल्याने पटाशीची धार लवकर जाते, आणि त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून जोड द्यायचा असेल तर जागा आधी स्पिरिटने पुसून घ्यावी लागते. दस्त्याच्या आत रायफल जिथे बसते ती खाच मात्र अनुभवी सुताराकडूनच कोरून घ्यावी, कारण तिथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की दोन्ही बाजूंचे स्क्रू प्रत्येक शंभर-दीडशे छर्ऱ्यांनंतर सैल पडतात. स्प्रिंग रायफलीचे स्क्रू तसेही हिसक्याने ढिले होतात, म्हणून नेम अचानक बिघडला तर साइटला हात लावण्याआधी ते तपासावेत.

मॅच पीसीपीत हे सगळे उपद्व्याप करावे लागत नाहीत, कारण गालाखालची उंची, खांद्याची प्लेट, दस्त्याची लांबी, ट्रिगरची जागा आणि वजन या सर्वांसाठी कारखान्यातूनच खाचा आणि स्क्रू दिलेले असतात. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, स्टायर, अॅनशुट्झ यांच्या रायफली याच कारणासाठी महाग असतात. बदल करायचे म्हणजे एक अॅलन की (षटकोनी किल्ली) फिरवायची आणि बदललेला आकडा वहीत लिहून ठेवायचा. पण ही सोय नवख्याला गोंधळातही टाकते. फिरवण्याजोगे पंधरा स्क्रू हातात आले की खराब पडलेल्या प्रत्येक डावानंतर काहीतरी फिरवण्याची सवय लागते, आणि मग चूक शरीराची की रायफलीची हेच कळेनासे होते. याउलट फोमच्या पट्टीने जुळवलेली स्प्रिंग रायफल फिरवायला फारसे काही देत नाही, म्हणून माणूस स्वतःकडे पाहायला शिकतो. छर्रा सुटल्यानंतरही नेम धरून ठेवण्याची शिस्त ती सक्तीने शिकवते.

तरीही गुण मिळवण्याचा प्रश्न आला की तुलना एकतर्फी आहे. दहा मीटरच्या निशाण्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि एका छर्ऱ्याला १०.९ पर्यंत दशांशात गुण मिळतात, म्हणजे ६० छर्ऱ्यांत जास्तीत जास्त ६५४. चांगल्या स्प्रिंग रायफलीची पाच भोके दहा मीटरवर एकमेकांना चिकटू शकतात, परंतु तिच्या हिसक्यासकट साठ छर्रे सारखेच सोडणे हे पट्टीच्या नेमबाजालाही अवघड जाते. २०२२ मध्ये दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम धरण्याच्या स्पर्धेचे) कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे यांच्या वाटेने ज्या मुलाला जायचे आहे, त्याच्यावर स्प्रिंग रायफलीत वर्ष घालवण्याची वेळ आणू नये. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. स्प्रिंग रायफल हलकी असली तरी प्रत्येक छर्ऱ्यासाठी नळी जोर लावून मोडावी लागते, आणि बारा वर्षांच्या मुलाचा दंड तासाभरात भरून येतो. मॅच पीसीपी जड असते, पण तिचा लिव्हर बोटाने उघडतो.

नागपूरचे हवामान या निवडीत अनेकांना वाटते त्यापेक्षा जास्त बोलते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत साठ अंशांपर्यंत तापमान चढू शकते. २५ अंशांना २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर तेवढा तापला तर आतला दाब २२० बारच्या पुढे जातो, म्हणून भरलेली पीसीपी डिकीत ठेवून दुपारी सीताबर्डीत खरेदीला जाणे हा शुद्ध अविचार आहे. पावसाळ्यात उलटी अडचण येते. हातपंपाने दमट हवा भरली की पाणी आत साचते आणि झडपेला गंज धरतो, तेव्हा ओलावा टिपणारा फिल्टर लावलेला पंप किंवा क्लबचा कंप्रेसरच वापरावा. किनाऱ्यावरच्या शहरांत समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या भरून देणारी दुकाने तरी सापडतात, नागपूरच्या नशिबी तेही नाही. म्हणून कोणी वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून घेण्याचा सल्ला दिला तर त्याच्यापासून दूर राहावे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. स्प्रिंग रायफलीला या कशाचीच पर्वा नसते. पावसाळ्यात नळीवर तेलाचा पातळ हात फिरवला आणि ती कापडी पिशवीत कोंडून ठेवली नाही, की झाले.

घरी सराव कोणत्याही रायफलीने करायचा तर दहा मीटरची सरळ, बंद जागा लागते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या लांब ओसऱ्या त्यासाठी उत्तम. निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवावा, मागे छर्रे अडवणारी जाड पेटी आणि तिच्यामागे पक्की भिंत असावी, आणि छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत. पक्ष्यांवर किंवा माकडांवर नेम धरण्याची कल्पनाही कोणी करू नये, वन्यजीव संरक्षण कायदा तिथे एअर रायफल म्हणून सूट देत नाही.

छर्ऱ्यांवर मात्र स्प्रिंगवाल्याने आणि पीसीपीवाल्याने, दोघांनीही पैसे खर्च करावेत. एकाच कंपनीचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर डोक्याचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत मिळतात, आणि प्रत्येक नळीला त्यांतला एखादाच मानवतो. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक डब्यातून पाच-पाच छर्रे सोडावेत, सगळ्यांत घट्ट ग्रुप ज्याचा तो डबा ठेवावा. हे काम नवख्याला जमते, त्यात धोका नाही, आणि महागड्या साइटपेक्षा जास्त सुधारणा बहुधा इथेच मिळते.

माझा कौल असा: शाळकरी मूल स्पर्धेसाठी शिकणार असेल तर घरी काहीच घेऊ नये. आधी काही महिने क्लबच्या पीसीपीवर शिकावे आणि मग वापरलेली मॅच रायफल पाहावी. नोकरी सांभाळून संध्याकाळी वा रविवारी नेमबाजी करणाऱ्या, हाताने काम करण्याची आवड असलेल्या माणसाने देशी स्प्रिंग रायफल घ्यावी, दस्ता आणि साइट जुळवावी, आणि यंत्राला हात लावू नये. दोन्ही गोष्टींची थोडी थोडी हौस असलेल्याने मात्र स्वस्त देशी पीसीपीकडे वळण्याआधी हवा कुठून भरणार याचे उत्तर तयार ठेवावे. वापरलेली मॅच रायफल घेताना रंग, ओरखडे यांकडे फार पाहू नये, सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. बहुतेक सिलिंडरांना दहा वर्षांची मुदत असते, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नव्याची किंमत भावातून वजा केल्याशिवाय सौदा पक्का करू नये.