मृत्युंजय, राधेय, युगान्त की व्यासपर्व: आधी कोणतं घ्यावं?

महाभारतावरचं एखादं मराठी पुस्तक घ्यायचं म्हटलं की चार नावं हटकून पुढे येतात: दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७), त्याच वर्षी आलेलं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३). दोन कादंबऱ्या, एक चिकित्सा, एक ललित लेखसंग्रह. कर्ण चारही पुस्तकांत आहे, पण हे चार कर्ण रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. म्हणून ‘चांगलं कोणतं’ यापेक्षा ‘आधी कोणतं’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. क्रम चुकला की एखादं पुस्तक हकनाक वाया जातं.

‘मृत्युंजय’ सातशेहून जास्त पानांची आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. कर्ण अर्थातच पुन्हापुन्हा येतो. भाषा भरजरी, संस्कृतप्रचुर आहे, उपमांवर उपमा येतात आणि सूर्य तर पानोपानी. शाळकरी वयात ही भाषा झपाटून टाकते. चाळिशीत पहिल्यांदा हातात घेतली तर शंभरेक पानांतच दम लागू शकतो. असं झालं तर पानं चाळून पुढे पळू नका. निवेदक बदलतो तिथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी नव्या आवाजापासून सुरू करा. पुस्तक अर्ध्यात सुटतं ते बहुतेकदा एका बैठकीत दोन निवेदक रेटल्यामुळे. सगळेच थोडेफार एकाच थाटात बोलतात, ही या कादंबरीची उघड उणीव आहे. कुंती आणि दुर्योधन यांचा सूर डोळे मिटून वेगळा ओळखू येत नाही. पण धाकटा शोण रथामागे धावत सुटतो तो प्रसंग वाचताना ही तक्रार कुणाला आठवत नाही. सावंतांची ताकद अशा प्रसंगांत आहे.

‘राधेय’ निम्म्याहूनही लहान. हे कर्णाचं चरित्र नव्हे, ही त्याची भावकहाणी, असं देसाईंनी स्वतःच सांगून टाकलंय, त्यामुळे मूळ ग्रंथाशी ताळा घालत बसू नये. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, नाट्य ठासून भरलेलं. दोन-तीन दिवसांत संपते. मात्र ‘मृत्युंजय’ नुकतीच संपवून लगेच ‘राधेय’ घेऊ नका. तोच अन्याय, तेच औदार्य, तीच व्यथा, त्यामुळे देसाईंची कादंबरी उगाच फिकी वाटते. सातशे पानं झेपणार नसतील तर फक्त ‘राधेय’ घ्यावी. दोन्ही घ्यायच्याच असतील तर मध्ये चांगलं अंतर असावं.

आता ‘युगान्त’. या चौघांत एकच घरी ठेवायचं असेल तर माझं मत यालाच. कर्वे मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात काम केलेल्या. त्यांच्यासमोर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सित आवृत्ती होती. शेकडो हस्तलिखितं ताडून तयार केलेली ही संहिता १९६६ साली पूर्ण झाली. सगळीकडे न सापडणारे, नंतर घुसलेले वाटणारे श्लोक संपादकांनी मूळ मजकुरातून काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत टाकले. यामुळे काय होतं ते कर्णापुरतं पाहू.

स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलायला उठतो आणि द्रौपदी भरमंडपात ‘सूताला वरणार नाही’ म्हणते, हा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. चिकित्सित आवृत्तीच्या मूळ संहितेत द्रौपदीचं हे वाक्य नाही. उलट द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला पाच नवऱ्यांवरून कुलटा ठरवतो आणि पांडवांची व तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो, हे श्लोक मात्र तिथे शाबूत आहेत. म्हणजे ज्या अपमानाचा सूड म्हणून सभेतलं बोलणं आपण समजून घेत आलो, तो अपमानच पायाखालून निघून जातो. ‘मृत्युंजय’चा डोलारा बराचसा त्या जखमेवर उभा आहे. कर्वे तर कर्णाचं पुढचं अपयशही मोजून दाखवतात: घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गुरं पाहायला गेले तेव्हा, गंधर्वांनी गाठल्यावर त्याने काढलेला पळ, विराटाच्या गाई पळवायला गेल्यावर अर्जुनाकडून खाल्लेला मार.

म्हणून कादंबरी आधी, ‘युगान्त’ नंतर. ‘युगान्त’ आधी वाचलं की कादंबरीतल्या प्रत्येक हुंदक्याला मनात ‘पण संहितेत तर...’ सुरू होतं आणि सावंतांवर विनाकारण अन्याय होतो. कादंबरी आधी वाचलीत तर ‘युगान्त’मधलं कर्णाचं प्रकरण वाचताना राग येईल. येऊ द्या, त्या पुस्तकाचा उपयोगच तो आहे.

‘युगान्त’ कोरडं असेल अशी भीती बाळगू नका. गांधारीवरचं प्रकरण जवळजवळ कथेसारखं आहे: वनातले शेवटचे दिवस, म्हातारा धृतराष्ट्र आणि डोळ्यांवरची पट्टी सोडण्याचं बोलणं. द्रौपदीच्या प्रकरणाअखेरीस भीमाशी तिचं जे बोलणं होतं ती कर्व्यांची स्वतःची भर, आणि तसं त्या लपवतही नाहीत. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा, हा त्यांचा तर्क आजही वाद पेटवतो. खांडववन जाळण्याच्या गोष्टीकडे तर पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. अडचण एकच: पुस्तक भीष्मापासून सुरू होतं आणि अंबा, अंबिका, अंबालिका, सत्यवती कोण हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतं. वंशावळ पक्की नसेल तर एका कागदावर शंतनूपासून परीक्षितापर्यंत नावं लिहून ती पुस्तकात खुणेसारखी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यावाचून पहिली तीस पानं जड जातात.

परदेशात वाढलेल्या, मराठी वाचन कच्चं असलेल्या मुलांसाठीही ‘युगान्त’च सोयीचं. इंग्रजी ‘युगान्त’ कर्व्यांनी स्वतः लिहिलं, त्यामुळे तिथेही आवाज त्यांचाच मिळतो.

‘व्यासपर्व’ सगळ्यात बारीक आणि सगळ्यात अवघड. दुर्गाबाई पुरावे मांडत बसत नाहीत. एकेका व्यक्तिरेखेसमोर ठाण मांडून तिच्यातलं काव्य शोधतात. वाक्यं घट्ट आहेत, एक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. लोकलमध्ये उभ्याने वाचायचं हे पुस्तक नव्हे. दिवसाला एक लेख, बस. कथेसाठी घेतलंत तर हाती काहीच लागणार नाही, कारण कथा तुम्हाला येते असं लेखिकेने गृहीतच धरलंय. हे सगळ्यात शेवटी घ्या.

दुकानात उभ्यानेच ठरवायचं असेल तर ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ दोन्हींतला द्रौपदीचा सभेतला भाग काढा, पाच-पाच पानं वाचा. एकीकडे गळा दाटला आणि दुसरीकडे कंटाळा आला तर कादंबरी घ्या. दुसऱ्यात पेन्सिल हवीशी वाटली तर ‘युगान्त’.

याच फळीवर खांडेकरांची ‘ययाति’ही असते आणि लोक ती ‘मृत्युंजय’ची जोडीदार समजून उचलतात. ती कथा कौरव-पांडवांच्या कितीतरी पिढ्या आधीची, आदिपर्वातल्या उपाख्यानावरची. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितलेली, भोग आणि संयम या भांडणाची. युद्ध, कर्ण, कृष्ण यांच्या ओढीने घेतलीत तर फसगत होईल.