स्टॉकहोम की कोपनहेगन? आणि ऑस्लोचं काय?

पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून झालेली मंडळी आता उत्तरेकडे बघू लागली आहेत. चौकशी करणाऱ्यांच्या हातात बहुतेकदा एक तयार कार्यक्रम असतो: आठ दिवस, तीन राजधान्या (स्वीडनचं स्टॉकहोम, डेन्मार्कचं कोपनहेगन, नॉर्वेचं ऑस्लो), मध्ये एक रात्र बोटीवर. हा कार्यक्रम घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगते. कोपनहेगनहून स्टॉकहोमला रेल्वेने पाच तासांहून जास्त लागतात, स्टॉकहोमहून ऑस्लोलाही साधारण तेवढेच. बॅगा भरा, स्टेशन गाठा, नवीन हॉटेलात खोली मिळेपर्यंत ताटकळा, यात आठातले तीन दिवस हातातून जातात. या शहरांची खरी मजा पाण्याकाठी रेंगाळण्यात आहे आणि धावपळीच्या सहलीत नेमकं तेच राहून जातं.

म्हणून निवड करा. पाच-सहा दिवस असतील आणि पहिलीच खेप असेल, तर माझं मत स्टॉकहोमला. बरोबर लहान मुलं किंवा गुडघे कुरकुरणारे आई-बाबा असतील, तर कोपनहेगन. ऑस्लोला मात्र पुढे बर्गेनच्या वाटेने फियॉर्ड (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) बघायला जाणार असाल तरच जा. नुसत्या शहरासाठी एवढा खर्च करून ऑस्लो गाठावं, असं मी कुणाला सुचवत नाही.

स्टॉकहोमचं पारडं जड का?

एका जहाजामुळे. वासा हे स्वीडनच्या राजाचं नवंकोरं युद्धनौकेचं धूड १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडालं. तोफांचे दोन मजले चढवले होते, त्या मानाने तळ अरुंद आणि हलका. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते अख्खं वर काढलं. लाकूड टिकलं कारण बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही आणि जहाजं पोखरणारा किडा त्यात जगत नाही. आज संग्रहालयात शिरलं की आधी काही दिसत नाही, कारण लाकूड जपण्यासाठी उजेड मंद ठेवला आहे. मग डोळे सरावतात आणि समोर काळपट ओकचा डोंगर उभा राहतो. मागच्या बाजूला सिंह, योद्धे, राजमुकुट यांचं कोरीवकाम वरपर्यंत चढत गेलेलं. प्रत्येक मजल्यावर जाऊन बघा. सगळ्यात खालच्या मजल्यावर बुडालेल्या माणसांच्या सांगाड्यांवरून घडवलेले चेहरे आहेत, तिथे बहुतेक जण आपोआप गप्प होतात. आत गारवा असतो, तेव्हा भर उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. तिन्ही शहरांत मिळून एकच गोष्ट बघायची परवानगी दिली, तर मी वासा निवडेन.

वासाच्याच युर्गोर्डन बेटावर स्कान्सेन आहे. १८९१ मध्ये सुरू झालेलं हे जगातल्या सर्वात जुन्या खुल्या संग्रहालयांपैकी एक. स्वीडनभरातली जुनी घरं, गोठे, दुकानं उचलून इथे मांडली आहेत, आणि अस्वलं, लांडगे, मूस (धिप्पाड हरणं) हेही आहेत. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस सहज जातो.

शहर चौदा बेटांवर वसलेलं. एका अंगाला मॅलारेन सरोवर, दुसऱ्या अंगाला समुद्र, त्यामुळे कुठल्याही पुलावर थांबलं तरी नजर पाण्यावरच जाते. गामला स्तान, म्हणजे जुनं गाव, सगळेच बघतात. गर्दी टाळायची असेल तर सकाळी नऊच्या आत जा. त्याहून मला सोदरमाल्म बेटाच्या कड्यावरची मोंटेलियसवेगन ही पायवाट आवडते. समोर नगरभवन, जुनं गाव आणि पाणी एका नजरेत येतं, आणि तिकीट काही नाही. मेट्रोची स्टेशनं तर फुकटचं कलादालन आहेत. शंभरापैकी नव्वदहून अधिक स्टेशनांवर चित्रं, शिल्पं किंवा कोरलेले खडक आहेत. कुंग्सट्रेडगोर्डन, सोल्ना सेंट्रुम आणि टी-सेंट्रालेनची निळी वेलबुट्टी एवढी तरी एका तिकिटात बघाच. तिकीट पंचाहत्तर मिनिटं चालतं.

नगरभवनाचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी मुद्दाम. दर १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी इथल्या निळ्या दालनात होते (दालन प्रत्यक्षात लाल विटांचं आहे). आत फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येतं. १९३० साली सी. व्ही. रामन यांनी पारितोषिक स्वीकारलं ते याच शहरात. शांततेचं नोबेल मात्र ऑस्लोत दिलं जातं. कैलाश सत्यार्थींना २०१४ मध्ये ते तिथल्या नगरभवनात मिळालं.

स्टॉकहोमचा उणा भाग: जुन्या गावात दगडी फरसबंदी, सोदरमाल्मवर चढ आणि पायऱ्या. विमानतळ आर्लांडा शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तिथली वेगवान गाडी वीस मिनिटांच्या आत पोचवते, पण चौघांचं तिकीट काढलं की आकडा टोचतो. लोकल गाडी किंवा बस अधिक लोकल असा मार्ग निवडलात तर वेळ थोडा जास्त जातो, पैसे बरेच वाचतात.

कोपनहेगन: सपाट, जवळ, सोपं

कोपनहेगनचं पहिलं सुख विमानतळावरच कळतं. सामान घेऊन बाहेर आलात की तिथेच मेट्रो, आणि पंधरा मिनिटांत तुम्ही शहराच्या मध्यभागी. मेट्रोला चालक नाही, ती चोवीस तास चालते आणि प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट आहे. शहर तळहातासारखं सपाट. सत्तरीच्या माणसाला घेऊन फिरायचं तर या गोष्टी कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाच्या ठरतात. गोल मनोरा, म्हणजे १६४२ सालचा रुंडेटोर्न, याचं उत्तम उदाहरण. आत जिन्याऐवजी साडेसात फेरे घेत वर जाणारी रुंद चढण आहे, पायऱ्या फक्त अगदी माथ्याशी. हळूहळू चढत, भिंतीतल्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकत वर पोचता येतं आणि लाल कौलांचं सगळं शहर पायाखाली दिसतं.

मुलांसाठी टिव्होली. १८४३ पासूनची ही बाग मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोरच आहे. १९१४ चा लाकडी रोलर कोस्टर अजून चालतो आणि त्यावर ब्रेक लावायला माणूस बसलेला असतो. संध्याकाळी दिवे लागताना जा. प्रवेश आणि पाळणे यांचे पैसे वेगवेगळे असतात, आणि बाग बाराही महिने उघडी नसते, हे दोन्ही आधी बघून घ्या.

न्युहाव्नची रंगीत घरं फोटोत दिसतात तशीच छान आहेत. तिथे बसून जेवणं मात्र महागात पडतं. सहलीच्या बोटीऐवजी पिवळी बंदर-बस घ्या. ती साध्या बस-मेट्रोच्या तिकिटात चालते आणि तेच पाणी, तीच शहराची कड दाखवते. छोट्या जलपरीसाठी खास वाकडी वाट करू नका. पुतळा सव्वा मीटरचा आहे, भोवती गर्दी त्याच्या कितीतरी पट. त्या वेळात रोझेनबोर्ग किल्ल्याच्या तळघरातले राजमुकुट बघा. किल्ला बांधणाऱ्या चौथ्या क्रिस्तियानच्याच काळात, १६२० मध्ये, डेन्मार्कने तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीची वसाहत उभी केली. पुढे तंजावरला भोसल्यांची गादी आल्यावर या वसाहतीचे व्यवहार आपल्या मराठी दरबाराशी चालले. १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी ती इंग्रजांना विकली. राजमुकुटांपुढे उभं असताना हे आठवलं की ते वैभव अचानक जवळचं वाटू लागतं.

शहराबाहेर पडायचं तर कोपनहेगनला तोड नाही. उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर लुईझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. कला आवडत नाही म्हणणाराही तिथल्या हिरवळीवर बसून पलीकडचा स्वीडनचा किनारा बघत रमतो. रोस्किल्डला वायकिंगांची, म्हणजे इथल्या जुन्या दर्यावर्दींची, पाच जहाजं आहेत. आणि २००० साली खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून रेल्वेने चाळीसेक मिनिटांत स्वीडनमधलं माल्मो. व्हिसा तोच चालतो, पण पासपोर्ट जवळ हवा, गाडीत तपासणी होऊ शकते. दिवसाला दोन-तीन ठिकाणं बघण्याची सवय असलेल्यांना कोपनहेगन कार्ड हा पर्यटकांचा पास फायद्याचा पडतो, कारण त्यात विमानतळाचा प्रवास आणि ही बाहेरची संग्रहालयंही धरलेली आहेत.

एक सावधगिरी. पदपथ आणि रस्ता यांच्या मधला पट्टा सायकलींचा असतो, आणि सायकली वेगात येतात. फोटो काढायला तिथे उभं राहू नका. बसमधून उतरतानाही आधी बघा.

ऑस्लो केव्हा?

ऑस्लो वाईट नाही. ऑपेरा हाउसच्या पांढऱ्या संगमरवरी छपरावर थेट रस्त्यावरून चालत चढता येतं, रात्रीसुद्धा, फुकट. शिल्पकार विगेलँडच्या बागेत दोनशेहून अधिक शिल्पं आहेत आणि कुंपणाला कुलूप नाही. एकाच दगडातून १२१ माणसं कोरलेला स्तंभ बघताना मान दुखते तरी पाय निघत नाही. बिग्डॉय द्वीपकल्पावरच्या संग्रहालयात ध्रुवप्रवासी अमुंडसेनला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर घेऊन गेलेलं फ्राम जहाज आहे आणि त्याच्या पोटात उतरून खलाशांच्या खोल्या बघता येतात. वायकिंग जहाजांचं प्रसिद्ध संग्रहालय मात्र नव्या इमारतीच्या कामासाठी २०२२ पासून बंद आहे. केवळ त्यासाठी जाणार असाल तर ते उघडलं का, ते पाहूनच तिकीट काढा.

हे सगळं दीड-दोन दिवसांत होतं, आणि ऑस्लोचं जेवणखाण महाग. खरी नॉर्वे पुढे सुरू होते. ऑस्लो-बर्गेन रेल्वे साधारण सात तासांत पठारावरून जाते, फिन्से हे सर्वात उंच स्टेशन १२२२ मीटरवर, उन्हाळ्यातही आजूबाजूला बर्फ दिसू शकतो. मिरडालला उतरून फ्लोमची छोटी गाडी वीस किलोमीटरमध्ये थेट फियॉर्डच्या काठाशी उतरवते. हे करणार असाल तर ऑस्लोत दोन रात्री राहा आणि बाकीचे दिवस पश्चिमेला द्या. विमानतळाहून शहरात येताना खास एक्स्प्रेसऐवजी साधी रेल्वे घ्या. वेळेत काही मिनिटांचाच फरक, भाडं बरंच कमी.

पैसे आणि पोट

तिन्ही देशांत युरो हे चलन नाही. प्रत्येकाचं स्वतःचं चलन, नाव जवळपास सारखं, किंमत वेगळी. डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे आणि महाग, स्वीडिश आणि नॉर्वेजियन त्यापेक्षा स्वस्त. रोकड जवळपास लागतच नाही, स्वीडनमध्ये कित्येक दुकानं ती घेतही नाहीत. फॉरेक्स कार्डावर युरो भरून नेलेत तर प्रत्येक खरेदीला चलनबदलाचा भुर्दंड बसतो, म्हणून आधी बँकेला नीट विचारा. एकूण खर्चात स्टॉकहोम सर्वात सोसवणारं.

शाकाहारी मंडळींची सोयही मला स्टॉकहोममध्ये बरी वाटते, त्याचं कारण तिथलं दुपारचं जेवण. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोनच्या सुमारास, बहुतेक हॉटेलांत ठरावीक दरात मुख्य पदार्थ, सॅलड, पाव आणि कॉफी असं ताट मिळतं आणि त्यात शाकाहारी पर्याय असतो. तेच जेवण रात्री दीडपट-दुप्पट पडतं. दुपारी पोटभर जेवा, रात्री दुकानातून दही, फळं, पाव आणा. घरून थेपले-चटणी नेलीत तर तिन्ही शहरांत उपयोगी पडतील. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं.

कधी जावं

मे अखेर ते सप्टेंबर मध्य. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे दिवस लांब मिळतो. पण स्टॉकहोमला जाताना मिडसमर या उन्हाळी सणाची तारीख बघा. १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवारी शहर गावाकडे निघून जातं आणि बरीच दुकानं बंद राहतात. जुलैत छोटी उपाहारगृहंही सुट्टीवर असतात. ऑस्लोला १७ मे हा राष्ट्रीय दिन गाठता आला तर जरूर गाठा, पारंपरिक पोशाखातल्या शाळकरी मुलांची मिरवणूक तासन् तास चालते. डिसेंबरात कोपनहेगनला जेमतेम सात तास उजेड असतो, उरलेल्या दोन्ही शहरांत सहा. तेव्हा जायचंच असेल तर कोपनहेगन, कारण टिव्होलीची नाताळची रोषणाई अंधारातच खुलते. उत्तरेचे दिवे, म्हणजे ध्रुवप्रकाश, बघण्याच्या आशेने यांपैकी कुठेही जाऊ नका. त्यासाठी ट्रॉम्सो किंवा किरुनापर्यंत वर जावं लागतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, प्रौढांना ९० युरो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. म्हणून आधी शहर नक्की करा, मग हॉटेल, मग अर्ज. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत भरता येतो आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या भेटीच्या वेळा लवकर संपतात. जूनला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच घरात बसून हे ठरवून टाका.