मोटरहोममधलं कार्पेट काढल्यावर: व्हिनाइलच्या फळ्या की अखंड शीट?

अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोममधलं, म्हणजे राहायची सोय असलेल्या घरासारख्या गाडीतलं, कार्पेट असंख्य स्टेपल पिनांनी ठोकलेलं असतं. त्या पकडीने उपटणं हेच खरं कंबरतोड काम. मग प्रश्न येतो, त्या जागी काय?

एकमेकांत अडकणाऱ्या व्हिनाइलच्या फळ्या लाकडासारख्या दिसतात, बसवायला सोप्या. पण दगडी भुकटीच्या गाभ्याची 5 मिमी फळी चौरस मीटरला साधारण 9-10 किलो भरते आणि गाडीची वजन पेलायची मर्यादा ठरलेली असते. त्यातून ॲरिझोनाच्या उन्हात बंद गाडी तापली की फळ्या प्रसरण पावतात. कडेला फट सोडली नसेल तर फुगून वर येतात. बटण दाबल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग, म्हणजे स्लाइड-आउट, असेल तर जाडी आधी मोजा, नाहीतर तो आत येताना नव्या जमिनीवर चरे पाडेल.

अखंड शीट 2-3 मिमीची, हलकी, सांधे जवळपास नाहीतच. चिखलाचे बूट, कुत्र्याचे पाय, सगळं पुसून मोकळं. मात्र कापायला कागदाचा साचा हवाच, आणि खालच्या प्लायवूडचा प्रत्येक खड्डा वर उमटतो. तरी स्लाइड-आउटच्या गाडीत माझं मत शीटलाच.

इंजिन पुढे असेल तर ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट राहू द्या. आवाज आणि धग ते बऱ्यापैकी अडवतं.