गोधडीवरचा हळदीचा डाग: ऊन की ब्लीच?

गोधडीवर वरणाचा किंवा हळदीच्या दुधाचा डाग पडला की हात आधी ब्लीचकडे जातो. डाग मिनिटांत फिका होतो, हे खरं. पण आजीच्या लुगड्यांचे रंगही त्याबरोबर उडतात आणि तिथे पांढरट चट्टा कायमचा राहतो. शिवाय आत थरावर थर असल्यामुळे ब्लीच नीट निघत नाही. उरलेलं ब्लीच सुती धागा कुजवतं आणि धावदोरा तुटू लागतो. एखादा तुकडा रेशमी असेल तर ब्लीचचं नावच नको, रेशीम त्यात विरघळतं. आणि ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

उन्हाचं काम सावकाश, पण माझं मत ठामपणे त्याच्याच बाजूने. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि ते प्रकाशात टिकत नाही. आधी थंड पाण्यात सौम्य साबणाने डाग धुवा. साबणाने तो लालसर झाला तर घाबरू नका, अल्कलीमुळे हळद लाल होतेच. चांगलं खळबळून, न पिळता, ओला डाग थेट उन्हात ठेवा. बाकीची गोधडी जाड चादरीने झाका, कारण ऊन लुगड्याचा रंगही खातं. एका दुपारी गेला नाही तर पुन्हा ओला करून ठेवा.

पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. तरीही धुऊन, वाळवून उघडीप पडायची वाट पाहावी.

पांढऱ्या सुती चादरीला ब्लीच चालेल. गोधडीला नाही.