मॉरिशसमधील व्हॅनिला: मंडईतील जुड्या आणि सेंट ऑबिनचे दुकान

मॉरिशसहून परतणारे बरेच प्रवासी येताना व्हॅनिला घेऊन येतात. घरी आल्यावर पुडके उघडले की त्यातून एक तर वाळून काडी झालेल्या शेंगा निघतात, नाहीतर तपकिरी पाण्याची एखादी बाटली, जिचा वास आपल्याकडे केकमध्ये घालतात त्या इसेन्सहून वेगळा येत नाही. पोर्ट लुईची मध्यवर्ती मंडई, तिथली सुपरमार्केट आणि बेटाच्या दक्षिणेकडील सेंट ऑबिन इस्टेटीचे दुकान अशा तिन्ही ठिकाणी व्हॅनिला पाहून आणि विकत घेऊन माझे मत असे झाले आहे की, परदेशात व्हॅनिला घ्यायची तर शेंगच घ्यावी, ती वाकवून आणि हुंगून घ्यावी, आणि ती कुठे व कशी तयार झाली हे ज्याला सांगता येते त्याच्याकडूनच घेण्याचा आग्रह धरावा. या कसोटीवर सेंट ऑबिनचे दुकान पूर्ण उतरते, सुपरमार्केट काही अंशी उतरते, आणि मंडईत मात्र सारी भिस्त आपल्या नाकावर व बोटांवर राहते.

रिव्हिएर देझांगी या गावाजवळ उसाच्या मळ्यांमध्ये सेंट ऑबिनचा 1819 साली बांधलेला लाकडी वाडा आहे. दोमेन दे-झोबिनो, बुआ शेरीचा चहाचा मळा आणि सेंट ऑबिन ही तीन स्थळे जोडणारी ‘चहाची वाट’ नावाची दिवसभराची सहल इथे संपते, त्यामुळे बहुतेक पाहुणे जेवायच्या वेळेला पोहोचतात आणि बाग घाईघाईने पाहतात. असे करू नये. इथली अँथुरियमची फुले आणि रमची भट्टी धावती पाहिली तरी चालेल, पण व्हॅनिलाच्या विभागात शांतपणे वेळ द्यावा, कारण दुकानातील शेंगेचा दर एवढा का, याचे उत्तर तिथेच मिळते.

व्हॅनिला हा ऑर्किडच्या कुळातील वेल मूळचा मेक्सिको व त्यालगतच्या प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातील बेटांवर लावला, वेल जोमाने वाढले, त्यांना फुलेही आली, पण शेंगा धरेनात, कारण हे फूल फळवणारे तिकडचे कीटक इथे नव्हते. 1841 साली शेजारच्या रेयुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बुर्बाँ बेटावर, एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधून काढली. आजही जगभरातील व्हॅनिलाच्या मळ्यांत हेच केले जाते. या एका युक्तीवर पुढे मोठमोठे मळेवाले श्रीमंत झाले आणि ती शोधणारा आल्बियस 1880 साली दारिद्र्यात वारला, ही गोष्ट व्हॅनिला विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

फूल एका सकाळी उमलते आणि काही तासांत मावळते, तेवढ्या वेळात माणसाने त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते. त्यानंतर शेंग पक्व व्हायला आठ-नऊ महिने लागतात, आणि एवढे होऊनही हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच. तो आणावा लागतो. शेंगा साधारण साठ-पासष्ट अंश तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात, लगेच लोकरी कांबळ्यांत गुंडाळून पेटीत घाम सुटेपर्यंत ठेवतात, मग कित्येक दिवस थोडे थोडे ऊन देतात, त्यानंतर सावलीत वाळवतात, आणि शेवटी लाकडी पेट्यांत महिनोन्‌महिने मुरू देतात. या काळात शेंगेतील विकरे (एन्झाइम) आपले काम करतात, बंदिस्त असलेले व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाला तिचा मुख्य वास देणारे द्रव्य, मोकळे होते आणि हिरवी शेंग चॉकलेटी काळी होते. एक किलो तयार व्हॅनिलासाठी पाच ते सहा किलो हिरव्या शेंगा खर्ची पडतात. मुरवणीच्या पेटीतील जुडी जवळून हुंगली की तो वास नुसता गोड नसून त्यात मनुका, ओले लाकूड आणि किंचित तंबाखूची झाक आहे हे लक्षात येते, आणि एकदा हा वास ओळखीचा झाला की पुढे बाजारात फसगत होणे अवघड जाते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा आधी सेंट ऑबिन आणि नंतर मंडई असा क्रम ठेवावा.

पोर्ट लुईची मंडई भाजीसाठी, मिरच्यांसाठी आणि ढोलपुरी या डाळ भरलेल्या पातळ पोळीसाठी जरूर पाहावी. व्हॅनिलाच्या जुड्या तिथे आठवणवस्तूंच्या गाळ्यांवर लटकलेल्या किंवा काचेच्या नळ्यांत बंद केलेल्या दिसतात. मॉरिशसमध्ये व्हॅनिलाचे पीक अगदी थोडे असून बाजारातील पुष्कळसा माल मादागास्करचा असतो. यात गैर काहीच नाही, कारण जगातील बहुतांश व्हॅनिला मादागास्करच्या ईशान्येकडील सावा भागातूनच येते आणि तिथली चांगली शेंग कोणत्याही बेटावरच्या शेंगेच्या तोडीची असते. मात्र एका गाळ्यावर ‘इथलीच, आमच्या बागेतली’ म्हणून दाखवलेल्या शेंगांच्या सालीवर मला टाचणीने टोचल्यासारख्या बारीक ठिपक्यांची ओळ दिसली. मादागास्करमध्ये चोरीचा सुळसुळाट फार, म्हणून तिथले शेतकरी शेंग हिरवी असतानाच तिच्यावर आपली खूण टोचून ठेवतात आणि ती खूण शेंग मुरल्यावरही राहते. ठिपक्यांवरून गाव कळत नसले तरी विक्रेत्याला प्रश्न विचारायला तेवढा पुरावा पुरतो. प्रश्न विचारल्यावर जो सरळ ‘मादागास्करची आहे’ म्हणतो, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

नळीत बंद केलेली शेंग मात्र घेऊ नये. तिला वाकवता येत नाही, तिचा वास घेता येत नाही, आणि दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात उभी राहून ती किती वाळली आहे हेही कळत नाही. चांगली शेंग बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही, सोडल्यावर सावकाश सरळ होते, तिची साल चामड्यासारखी तुकतुकीत असते आणि बोटाला किंचित स्निग्धपणा लागतो. हा स्निग्धपणा शेंगेचा स्वतःचा असावा. वरून तेल चोपडलेली शेंग हाताळली तर बोटे पुसूनही चिकट राहतात, आणि अशी शेंग बहुतेक वेळा अर्क काढून घेतलेली, म्हणजे चोथा झालेली असण्याचा संभव असतो. दुसरी लबाडी कृत्रिम व्हॅनिलीन फवारण्याची. अशी जुडी लांबूनच भपकारा सोडते, पण तीच नाकाशी नेली तर त्या गोडपणाखाली दुसरे काहीच सापडत नाही. शेंगेवर पांढरे काही दिसले तर लगेच ती बाजूला टाकू नये, कारण उत्तम शेंगेवर कधी कधी व्हॅनिलीनचे सुईसारखे चमकणारे स्फटिक जमतात. चमक नसलेला, कापसासारखा, कुबट वासाचा थर असेल तर ती बुरशी होय आणि ती शेंग फुकट मिळाली तरी घेऊ नये.

सेंट ऑबिनच्या दुकानातून घेतलेली शेंग मी घरी बशीत ठेवून सुरीच्या टोकाने उभी चिरली. साल सहज उलगडली, आत ओलसर काळा गर होता आणि त्यात खसखशीहून बारीक असे असंख्य दाणे चमकत होते. सुरीच्या बोथट बाजूने निपटल्यावर तो गर एकसंध निघाला. मंडईतील जुडीतील त्यातल्या त्यात बरी शेंग चिरली तेव्हा साल सुरीखाली तडकली आणि आतून निघाली ती कोरडी भुकटी. दोन्ही शेंगा अर्धा अर्धा लिटर दुधात मंद आचेवर ठेवल्या, तर पहिलीचा स्वाद दूध निवल्यावर वाढत गेला आणि दुसरीचा दूध गरम होते तोवरच टिकला. मंडईत दर कितीतरी कमी होता हे खरे, पण स्वादाच्या हिशेबाने ती स्वस्ताई कुठे दिसली नाही.

बाटल्यांविषयी अधिक सावध राहायला हवे. सुपरमार्केटातील लेबले फ्रेंचमध्ये असतात आणि युरोपीय मालावरील शब्दयोजनेला कायद्याचा अर्थ आहे. ‘एक्स्त्रे द वानीय’ म्हणजे शेंगेचा अर्क. ‘आरोम नात्युरेल द वानीय’ असे लिहिले असेल तर त्यातील स्वादद्रव्याचा किमान 95 टक्के भाग व्हॅनिलापासूनच आलेला असावा लागतो. नुसते ‘आरोम वानीय’ असेल तर ते आपल्या इसेन्सचेच भावंड समजावे. व्हॅनिलीन 1874 सालापासून प्रयोगशाळेत तयार होते, ते स्वस्त आहे आणि खाण्यात त्याचा काही अपाय नाही, परंतु खऱ्या शेंगेत त्याच्याबरोबर दोनशेहून अधिक इतर सुगंधी द्रव्ये असतात आणि शेंगेचे पैसे आपण त्या सगळ्यांसाठी मोजत असतो. अमेरिकेच्या नियमानुसार अर्कात किमान 35 टक्के मद्यार्क लागतो, त्यामुळे मद्यार्काचा उल्लेखच नसलेली, लिटरभराची, मातीमोल भावाची बाटली दिसली तर ती तिथेच ठेवावी.

ही सूचना मेक्सिकोला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. व्हॅनिलाचे ते माहेर आहे, व्हेराक्रूझ राज्यातील पापान्तला भागात तोतोनाक लोक पिढ्यान्‌पिढ्या ही शेंग पिकवत आले आहेत आणि तिथली अस्सल शेंग आवर्जून घ्यावी अशीच असते. पण पर्यटकांच्या बाजारातील स्वस्त मेक्सिकन ‘व्हॅनिला’मध्ये टोंका नावाच्या दुसऱ्याच झाडाच्या बियांचा अर्क मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत. त्यात कुमारीन नावाचे सुगंधी द्रव्य असते, ते यकृताला घातक ठरू शकते म्हणून अमेरिकेत 1954 पासून खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी तर अशा बाटलीच्या वाटेला जाऊच नये.

किमतीवरूनही खरेखोटे ठरवता येत नाही. मार्च 2017 मध्ये एनावो चक्रीवादळाने मादागास्करचे पीक झोडपले आणि 2018 मध्ये व्हॅनिलाचा दर किलोला सहाशे डॉलरच्या घरात जाऊन वजनाच्या हिशेबाने चांदीच्या वर गेला. आजही अनेक विक्रेते तीच चांदीची गोष्ट ऐकवून दर चढवतात. मधल्या काळात मादागास्कर सरकारने निर्यातीसाठी किलोला 250 डॉलरचा किमान दर ठरवला होता, तो 2023 मध्ये उठला आणि घाऊक भाव पार कोसळले. तेव्हा भारी किंमत मोजताना ती कशाची आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सेंट ऑबिनचा दर मंडईच्या कैक पट असूनही मला तो पटला, कारण तिथे छोट्या प्रमाणावर हाताने केलेले काम डोळ्यांसमोर दिसते. तरीही भरमसाट खरेदीसाठी ते ठिकाण नव्हे. घरच्या वर्षभराच्या वापरासाठी चार-सहा उत्तम शेंगा तिथून घ्याव्यात, आणि केकचा व्यवसाय करणाऱ्यांनी मोठ्या खरेदीसाठी भारतातील मसाल्याच्या व्यापाऱ्यांकडे केरळ-कर्नाटकातील शेंगांची चौकशी करावी. गोव्यात फोंड्याजवळच्या मसाल्याच्या बागांतही हा वेल पाहायला मिळतो.

इस्टेटीच्या दुकानाबद्दल दोन तक्रारी नोंदवायला हव्यात. शेंग कोणत्या हंगामातील आहे हे पाकिटावर लिहिलेले मला आढळले नाही, ते विचारूनच घ्यावे लागले, आणि मुरून फार काळ लोटलेली शेंग हळूहळू कोरडी पडते हे पाहता ही माहिती छापलेली असायला हवी. दुसरे असे की व्हॅनिलाचा चहा, व्हॅनिलाची साखर, व्हॅनिलाची रम असा इतर माल शेंगांच्या शेजारीच आकर्षकपणे मांडलेला असतो आणि घाईतील पाहुणा शेंग सोडून तेच उचलतो. चहा चवीला छान आहे, पण अस्सल व्हॅनिलाच्या शोधात आलेल्याचे त्याने समाधान होणार नाही.

शेंगा आणताना त्या मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात आणि फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत, तिथे त्या वाळतात आणि त्यांच्यावर बुरशीही धरते. अर्काची बाटली घेतलीच तर विमानात हातातील सामानात शंभर मिलिलीटरची मर्यादा आहे, हे ध्यानात असू द्यावे. बासुंदीसाठी दूध आटत आल्यावर अर्धी शेंग चिरून गर आणि साल दोन्ही घालावी, त्या दिवशी वेलची-जायफळाला सुट्टी द्यावी. दुधातून काढलेली साल धुऊन, पूर्ण वाळवून साखरेच्या डब्यात खोचून ठेवली की दोन आठवड्यांत साखरेला स्वाद लागतो. साल कोरडी ठणठणीत झाल्याखेरीज मात्र डब्यात घालू नये, नाहीतर साखरेचे खडे होतात.