घरात फ्लू शिरलाय: आजाऱ्याचं अंथरूण माजघरात की सोप्यात?

सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या घरांत कुणाला थंडीताप आला की अंथरूण माजघरात पडतं. तिथं ऊब असते, वारं लागत नाही आणि चुलीपुढच्या माणसाला हाक ऐकू जाते. दुसरी जागा म्हणजे सोपा, नाहीतर खिडकीची बाहेरची खोली. फ्लू किंवा कोविड असेल तर मी सोपाच म्हणेन.

खोकताना, बोलताना तोंडातून निघालेले बारीक कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. माजघराला बहुधा खिडकी नसते, त्यामुळे ते तिथंच साचतात. शिवाय स्वयंपाकघराची वाट माजघरातूनच. म्हणजे पेज घेऊन येणारी सूनही ती हवा घेते आणि देवापुढं दिवा लावायला जाणारी आजीही. क्षयावर औषधं नव्हती तेव्हा मोकळी हवा हाच उपचाराचा मोठा भाग होता. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं ते त्याच काळात.

सोप्याच्या दोन अडचणी आहेत. एक गारठा: त्यावर जाड वाकळ आणि कानटोपी द्या, पण खिडकी लावू नका. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीबाहेर करा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर जाते. माजघराकडचं दार मात्र ओढून घ्या. दुसरी अडचण विचारपूस करायला येणाऱ्यांची. त्यांना अंगणातूनच बोलायला सांगायचं. यात कसला आलाय अपमान?

मास्कचं म्हणाल तर तो आधी आजाऱ्यानं लावायचा. रुमाल कडेनं उघडा राहतो, सर्जिकल मास्क त्याहून चांगला आणि चेहऱ्याला घट्ट बसलेला एन-९५ सगळ्यांत चांगला. फक्त झडपवाला एन-९५ आजाऱ्याला देऊ नका. त्या झडपेतून त्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो. जवळ बसून सेवा करणाऱ्यानंही मास्क लावावा. पण मास्क आहे म्हणून खिडकी बंद, असला सौदा करू नका. जेवताना आणि झोपेत तो उतरतोच.

हे किती दिवस? फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग देऊ लागतो आणि पुढं साधारण 5 ते 7 दिवस देत राहतो. पहिले 3-4 दिवस जास्त जोखमीचे. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरला की लोक लगेच एसटी धरून कामाला निघतात, ते चुकतं. गोळी न घेता 24 तास ताप नसावा आणि बाकीचा त्रासही कमी होत असावा, तेव्हा बाहेर पडा. त्यानंतरही 5 दिवस गर्दीत मास्क ठेवा.

घर एकाच खोलीचं असेल तर निवड फक्त अंथरुणाच्या जागेची उरते. आजाऱ्याला खिडकीशी झोपवा आणि दोन अंथरुणांत होईल तेवढं अंतर ठेवा. डोकी विरुद्ध टोकांना करा. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, दम्याचं किंवा म्हातारं माणूस असेल तर तेवढ्या रात्री त्यांना भावकीत झोपायला पाठवा. मात्र त्यांना स्वतःला अजून काही लक्षण नसेल तरच, नाहीतर आजार दुसऱ्या घरात जाईल.