एकच विषय, दोन पुस्तकं: आधी कादंबरी की आधी अभ्यास?

एखाद्या विषयावर वाचायचं ठरवलं की वाचनालयाच्या कपाटात दोन तऱ्हेची पुस्तकं समोर येतात. एक कादंबरी, दुसरं अभ्यासाचं. बहुतेक जण स्वभावाप्रमाणे हात घालतात. गोष्टीची ओढ असलेला माणूस वर्षानुवर्षं कादंबऱ्याच वाचत राहतो. ‘खरं काय घडलं ते सांगा’ म्हणणारा चरित्रं आणि इतिहास सोडून बाकी कशाला शिवत नाही. यात दोघांचंही नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. पण ‘दोन्ही वाचा’ एवढं सांगून भागत नाही. वेळ मोजका असतो, आणि आधी कुठलं घ्यायचं हा खरा पेच असतो. क्रमाने फार फरक पडतो. आधी वाचलेलं पुस्तक डोक्यात घर करतं, दुसऱ्याला मग त्या घरात पाहुण्यासारखं राहावं लागतं.

म्हणून इथे तीन विषय घेतले आहेत. प्रत्येकावर मराठीत कादंबरी आहे आणि तोलामोलाचं ललितेतर पुस्तकही आहे. माझा क्रम तिन्ही वेळा सारखा नाही.

महाभारत: ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’

ही दोन्ही पुस्तकं 1967 साली आली. एका वर्षात मराठी वाचकाला शिवाजी सावंतांचा कर्ण मिळाला आणि इरावती कर्व्यांचाही. दोन्ही कर्ण शेजारी ठेवले तर एकाच माणसाबद्दल चाललं आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

‘मृत्युंजय’ आत्मकथनांतून उलगडते. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण. या रचनेतच कादंबरीची सगळी ताकद आहे. मूळ महाभारतात कर्णाची बायको स्त्रीपर्वात रणांगणावर आक्रोश करताना क्षणभर दिसते, तेवढीच. तिचा संसार कसा होता, या हट्टी, दानशूर, अपमानाने धुमसणाऱ्या माणसाशेजारी तिचे दिवस कसे गेले, हे तिला कुणी विचारलेलं नाही. सावंत ते विचारतात. जिथे ग्रंथ गप्प आहे तिथे बोलायचा हक्क कादंबरीकाराला असतो, आणि सावंतांनी तो हात राखून वापरलेला नाही. भाषा भरजरी आहे. सूर्य, कवचकुंडलं, गंगा यांची वर्णनं पानंच्या पानं चालतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी हे वाचलं तर माणूस झपाटून जातो. चाळिशीनंतर पहिल्यांदा हातात घेतलं तर मधले काही भाग जड वाटतील, हेही सांगून ठेवतो.

‘युगान्त’ आकाराने त्याच्या निम्म्याहून लहान आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या. नातेसंबंध, कुळं, वारसा, लग्नाचे नियम हा त्यांचा रोजचा विषय. त्याच नजरेने त्या भीष्म, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे बघतात. आधार घेतात तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संशोधित आवृत्तीचा. पुण्यात 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 मध्ये संपलं. त्यासाठी 1,259 हस्तलिखितं तपासली गेली, आणि बहुतेक जुन्या प्रतींत नसलेले श्लोक मूळ संहितेतून काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले.

हा तपशील कोरडा वाटेल, पण त्याचा परिणाम बघा. ‘मी सूताला वरणार नाही’ हे स्वयंवरातलं द्रौपदीचं वाक्य कर्णाच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असतं. संशोधित आवृत्तीच्या मूळ संहितेत ते नाही. वस्त्रहरणात कृष्ण वस्त्रं पुरवतो, हा भागही तळटीपेत गेला आहे. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली, हेही तिथे सापडत नाही. कीर्तनातून, नाटकांतून, मालिकांतून आपल्या मनात बसलेलं महाभारत आणि सर्वांत जुन्या प्रतींतून हाती लागणारं महाभारत यांत केवढं अंतर आहे, ते अशा वेळी कळतं.

इरावतीबाईंचा कर्ण म्हणजे ‘मी कोण’ या एका प्रश्नाने आतून पोखरलेला माणूस. त्याच्याबद्दल त्यांना कळवळा आहे, पण त्याला त्या माफी देत नाहीत. भर सभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते त्या झाकत नाहीत. खांडववन जाळल्याच्या प्रकरणात तर त्यांनी कृष्णार्जुनांनाही सोडलेलं नाही. एरवी आपण ती अग्नीला तृप्त करण्याची पुण्यकथा म्हणून ऐकतो. बाई विचारतात, त्या वनात राहणाऱ्यांचं काय झालं? ग्रंथ उत्तर देतो: अश्वसेन नाग, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एवढेच वाचले. शेतीसाठी जमीन मोकळी करताना तिथल्या रहिवाशांची केलेली कत्तल, असा अर्थ त्या लावतात. हे प्रकरण वाचून झाल्यावर इंद्रप्रस्थाचं वैभव आधीच्या डोळ्यांनी बघता येत नाही.

गंमत अशी की ‘युगान्त’ही पूर्णपणे अभ्यासाच्या चौकटीत राहत नाही. गांधारीवरचं प्रकरण जवळजवळ कथेसारखं लिहिलेलं आहे: म्हातारा धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर, आणि त्यांच्यातले संवाद. द्रौपदी हिमालयाच्या वाटेवर कोसळते तेव्हा भीम परतून तिच्याजवळ येतो, तो प्रसंगही बाईंचा स्वतःचा. पुरावा संपतो तिथे त्यांनाही कल्पना हवीशी वाटली. फरक इतकाच की कुठे ग्रंथ बोलतो आणि कुठे बाई, हे वाचकाला कळत राहतं. कादंबरी तो सांधा दिसू देत नाही, आणि तिने तो दिसू देऊही नये.

इथे माझा सल्ला: आधी ‘युगान्त’. आधी ‘मृत्युंजय’ वाचली तर कर्ण आपला होऊन जातो, आणि मग इरावतीबाईंचं प्रत्येक वाक्य आपल्या माणसावर केलेल्या आरोपासारखं लागतं. तर्क पटण्याआधीच राग येतो. उलट ‘युगान्त’ आधी झालं असेल तर ‘मृत्युंजय’ वाचताना दुहेरी आनंद मिळतो. सावंतांनी काय घेतलं, काय रचलं, कुठे पोकळी भरली, ते दिसत जातं. गोष्टीची पकड त्याने सैल होत नाही. अपवाद एकच. घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल आणि मराठी जाड पुस्तकाला घाबरत असेल, तर बेलाशक ‘मृत्युंजय’ हातात द्या. वाचनाची चटक लागणं त्या वयात सगळ्यात महत्त्वाचं.

पानिपत: इथे उलटं करा

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988 ची. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा अभ्यास आधी 1946 मध्ये इंग्रजीत आला आणि लढाईला दोनशे वर्षं झाली त्या 1961 साली मराठीत, ‘पानिपत : 1761’ या नावाने.

शेजवलकर वादविवाद करत लिहिणारे इतिहासकार. पत्र काय म्हणतं, बखर काय म्हणते, आधीच्या इतिहासकाराचं कुठे चुकलं, असं त्यांचं चालतं. त्यांना झुंजायला तयार असलेला वाचक हवा. शुजा, नजीब, सुरजमल, गाझीउद्दीन, बुंदेले, इब्राहिमखान गारदी ही नावं ज्याला नवी आहेत तो तिसऱ्या-चौथ्या पानावर हरवतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. विषयावर आणि लेखकावर दोघांवरही तो अन्याय होतो.

पाटलांची कादंबरी ही नावं माणसं करून देते. दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर पडतो, मार्चमध्ये परतूरहून सदाशिवरावभाऊंची फौज निघते, पावसाळ्यात दिल्ली हाती येते, ऑक्टोबरात कुंजपुरा. तेवढ्यात अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसतो. पुढचे अडीच महिने छावणीत भूक. सोबत बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. कादंबरीने ही भूक अंगावर आणली आहे. जनावरं मरतात, धान्याचा भाव चढतो, आणि 14 जानेवारी 1761 ला बाहेर पडून लढण्याखेरीज दुसरा मार्ग का उरला नाही हे पोटातून कळतं.

पण ‘असं का झालं’ याचं पुरं उत्तर तिच्याकडे मागू नये. पैशाची तंगी कुठून आली? राजपूत बाजूला का राहिले, जाटांचा राजा सुरजमल का निघून गेला, अयोध्येचा नवाब शुजा अब्दालीकडे का वळला? गोल बांधून, म्हणजे बायकामाणसं मधे आणि फौज चहूबाजूंनी ठेवून, दिल्लीकडे सरकायचा बेत होता, तर तो नेमका कुठे फुटला? यासाठी शेजवलकरांकडेच जावं लागतं. त्यांचं भाऊंबद्दलचं मत सहानुभूतीचं आहे आणि ते लपवत नाहीत. मराठे उत्तरेत कशासाठी लढत होते, या प्रश्नावर ते लूट आणि चौथाई यांच्यापलीकडचं काही मांडतात. ते पटो न पटो, मांडणीला सामोरं जावंच लागतं.

तेव्हा आधी पाटील, मग महिन्याभरात शेजवलकर. फार काळ मधे जाऊ देऊ नका, नाहीतर कादंबरीतले संवाद ऐतिहासिक वचनं म्हणून मनात पक्के होतात. कादंबरीकाराने पात्राच्या तोंडी घातलेली वाक्यं थोर पुरुषांचे उद्गार म्हणून फलकांवर झळकतात आणि मोबाइलवर फिरतात, ती याच वाटेने. शेजवलकर वाचताना शेजारी उत्तर भारताचा नकाशा उघडा ठेवा. यमुनेचा काठ आणि पानिपत-दिल्ली अंतर डोळ्यांसमोर असलं की अर्धी अडचण दूर होते.

गाव: थोडक्यात

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची, एका दिवसात वाचून होणारी. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, तिथे आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, तालमीची इमारत, आणि शेवटी दुष्काळाने रिकामी होत गेलेली वाडी. एकही वाक्य जास्तीचं नाही. समोर ठेवायचं पुस्तक त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’, 1915 चं. आत्रे महसूल खात्यातले. काळी-पांढरी (शेतजमीन आणि गावठाण), वतनं, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार-अलुतेदार, फिरस्ते, कोण कुणाला किती देतो आणि कोण कुणाला कसं नाडतो, याचा जमाखर्च त्यांनी मांडला आहे. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, म्हणींनी गच्च भरलेली आणि अतिशय रसाळ. मात्र फिरस्त्या जमातींबद्दलचा त्यांचा सूर आज टोचतो. सरकारी अधिकाऱ्याची नजर आहे ती, हे धरून वाचावं.

शहरात वाढलेल्याने ‘बनगरवाडी’पासून सुरुवात करावी. ज्याने गाव जवळून पाहिलं आहे त्याने सरळ ‘गावगाडा’ उघडावं. आजीच्या तोंडचे शब्द पानापानावर भेटतील. पण या जोडीला तिसरं पुस्तक लावल्याशिवाय गाव पुरतं दिसत नाही. ते म्हणजे दया पवारांचं ‘बलुतं’, 1978. आत्रे बलुत्याचा हिशोब वरून मांडतात. तेच बलुतं मागायला दारोदार जाणाऱ्या आईच्या मागे पोर म्हणून चालताना काय वाटतं, हे पवार सांगतात. पुस्तक आत्मकथन आहे, तरी दगडू पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन जीव त्यात एकमेकांशी बोलतात, म्हणजे रचना कादंबरीला शोभणारी. कादंबरी आणि ललितेतर असे दोन कप्पे करून ठेवणाऱ्याने हे पुस्तक कुठल्या कप्प्यात घालायचं ते एकदा ठरवून बघावं.

वेळ आणि सोय

प्रवासात कानाला लावून ऐकायचं असेल तर कादंबरी चालते. ‘मृत्युंजय’सारखी आत्मकथनं तर ऐकायला फार छान. शेजवलकर किंवा ‘युगान्त’ ऐकून हाती लागत नाहीत. मागे जावं लागतं, टीप बघावी लागते, पेन्सिल हवी. विकत घेताना पैसे मोजकेच असतील तर अभ्यासाचं पुस्तक विकत घ्या आणि कादंबरी वाचनालयातून आणा. कादंबरी बहुधा एकदा सलग वाचली जाते, अभ्यासाचं पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. शिवाय ‘युगान्त’ सहज मिळतं, पण शेजवलकरांची प्रत दिसली तर थांबू नका.

आणि ज्यांना दोन पुस्तकांएवढी सवडच नाही, त्यांनी रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ घ्यावी. तिला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. शिवाजी महाराजांबद्दलची साधनं काय सांगतात, कुठे घोटाळे आहेत, पूजेचा विषय झालेल्या माणसाला कादंबरीत माणूस म्हणून उभं करणं का अवघड आहे, हे त्यात कुरुंदकर मुद्द्याला मुद्दा जोडत लिहितात. म्हणजे एकाच बांधणीत कादंबरी आणि तिच्या विषयाची चिकित्सा. प्रस्तावना छापलेली सुरुवातीला असली तरी ती शेवटी वाचा. मग कुरुंदकरांनी उभ्या केलेल्या प्रश्नांपैकी देसाईंनी कुठले पेलले आणि कुठले बाजूने काढून दिले, हे तुमचं तुम्हाला तपासता येईल.